प्रश्न क्रमांक चार

भूकंपाचे इशारे देणारी माणसे दोन प्रकारची असतात. काही भूकंपाच्या आधी बोलतात, काही नंतर. आधी बोलणाऱ्यांचे बहुधा चुकते. नंतर बोलणाऱ्यांचे कधीच चुकत नाही. धुळ्यात, देवपुरातल्या एका महाविद्यालयात गेली सव्वीस वर्षे मी पदार्थविज्ञान शिकवतो, आणि या दुसऱ्या प्रकारच्या लोकांचे शोधनिबंध मी पुष्कळ वाचले आहेत.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मोठा भूकंप होण्यापूर्वी काही दिवस त्या भागातली जमीन आसपासच्या जमिनीपेक्षा दोन-चार अंशांनी अधिक तापते आणि उपग्रहाला ते दिसते. कारणेही सांगितली जातात. खडकावर ताण आला की भेगांतून वायू सुटतात, किंवा खडकातच विद्युतभार मोकळे होतात, वगैरे. यातले काहीच अशक्य नाही. अडचण वेगळी आहे. जमीन किती वेळा तापली आणि त्यानंतर काहीच झाले नाही, हा आकडा कोणी देत नाही. मांजर आडवे गेल्यावर ज्याचे काम फसते, त्याला मांजर आठवते. ज्याचे काम होते त्याने मांजर पाहिलेलेच नसते.

म्हणून माझी संशोधक विद्यार्थिनी मयुरी हिला मी मांजरे मोजायला बसवले. सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा, बारा वर्षांची उपग्रहचित्रे. ज्या ज्या वेळी जमीन त्या तारखेच्या सरासरीपेक्षा दोन अंशांहून अधिक तापलेली आढळेल, ती प्रत्येक वेळ नोंदवायची आणि पुढच्या महिन्याभरात भूकंप झाला का ते पाहायचे. मयुरी यावल तालुक्यातली, केळीवाल्या घरातली. हिशेबाला पक्की आणि उत्साहाला थोडी सैल. दीड वर्षात तिने एक्केचाळीस वेळा जमीन तापलेली दाखवली. भूकंप शून्य. आम्ही दोघे खोटे इशारे मोजत होतो, आणि तो उद्योग मोठा शांततेचा होता.

होळीच्या पंधरा दिवस आधी बेचाळिसावी नोंद आली.

"सर, ही सरळ रेघ आहे," मयुरी म्हणाली. तिने पडदा माझ्याकडे वळवला. पायथ्याशी, लिंबापाणी नावाच्या गावाच्या दोन्ही बाजूंना, पाच किलोमीटर लांब आणि सुमारे दोनशे मीटर रुंद असा लाल पट्टा होता. सरासरीपेक्षा दोन पूर्णांक सहा अंश अधिक. आठ दिवसांपूर्वीच्या चित्रात तिथे काही नव्हते.

"निसर्गाला सरळ रेघा येतात," मी म्हणालो. "माणसालाही येतात."

"पण सर, पायथ्याचा भ्रंश याच दिशेने जातो. आणि एकोणीसशे अडतीसचा सातपुड्याचा भूकंप मार्चमध्येच झाला होता."

"मार्च महिना दरवर्षी येतो, मयुरी."

तरीही मी खुर्ची जवळ ओढली, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. जमिनीतली भेग सरळ असते, आणि आधीच्या एक्केचाळीस डागांपैकी एकही सरळ नव्हता. रात्रीची चित्रे पाहिली. पण त्यांतला एकेक ठिपका किलोमीटरभराचा, त्यात दोनशे मीटरचा पट्टा हरवून जातो. आगी टिपणाऱ्या उपग्रहाने त्या भागात एकही आग नोंदवली नव्हती.

अशा वेळेसाठी मी एक नियम केला होता. जमिनीच्या पोटातले कारण शोधण्यापूर्वी तिच्या पाठीवरची कारणे संपवायची. त्यासाठी मी स्वतः अकरा प्रश्नांचा एक तक्ता तयार केला होता आणि त्याला 'पृष्ठीय कारण-निरसन प्रपत्र' असे नाव दिले होते. नवे बांधकाम झाले आहे काय, पिकाची कापणी झाली आहे काय, पाण्याचे आवर्तन बंद झाले आहे काय, असे प्रश्न. चौथा प्रश्न असा होता: 'गेल्या पंधरा दिवसांत परिसरात आग लागल्याची घटना घडली आहे काय?'

मयुरीने लिंबापाणीच्या सरपंचांना फोन लावला आणि एकेक प्रश्न वाचला. अकराही उत्तरे 'नाही' आली.

"सर, सगळी कारणे संपली," ती म्हणाली. तिच्या आवाजात, वैज्ञानिकाच्या आवाजात असू नये एवढा आनंद होता.

"आपल्याला सुचलेली कारणे संपली," मी म्हणालो. "दोन्हींत फरक आहे. कोणाला बोलू नकोस."

ती कोणाला बोलली नाही. फक्त आईला बोलली.

आई म्हणजे बेबाबाई. मयुरीने फोनवर एवढेच सांगितले की डोंगराकडची जमीन जरा तापलेली दिसते, काळजीचे काही नाही. बेबाबाईंनी त्यातले 'काळजी' एवढेच ऐकले. रविवारी दुपारी हे बोलणे झाले. मंगळवारी सकाळी माझ्या मोबाइलवर, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून, संदेश आला: 'सावधान! नासाचे शास्त्रज्ञ डॉ. प्रेमराज बोरसे यांचा इशारा! सातपुडा हादरणार! होळीआधी आठ दिवस धोक्याचे!'

नाशिकला मी दोनदा गेलो आहे. नासाशी माझा संबंध त्याहून कमी आहे.

पाठोपाठ मयुरीचे वडील तोतारामभाऊ यांचा फोन आला.

"मास्तर, ते पक्कं कवा हाय तेवढं सांगा भो. दोन रात झाल्या, खाट अंगनात टाकेल हाय. सर्दी झाली मले."

"भाऊ, तुम्ही घरात झोपा. असा कुठलाही इशारा मी दिलेला नाही."

"मंग होनार नाही, असं समजू का?"

"तसेही मी म्हणू शकत नाही."

 पलीकडे तोतारामभाऊ शिंकले. "म्हंजे खाट उंबऱ्यात टाकतो," ते म्हणाले. उपलब्ध माहितीच्या आधारे घेतलेला याहून संतुलित निर्णय मी पाहिलेला नाही.

बुधवारी दुपारी साडेबाराला प्रयोगशाळेच्या दारात एक बाई उभ्या राहिल्या. पस्तिशीच्या, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर पहाटेपासूनच्या तीन एसटींची धूळ.

"बोरसे सर कोणते?"

"मी."

"मी सरिता. लिंबापाणीची सरपंच." त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद आणि एक चालू पेन काढले आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवले. कागद कोरा होता. "यावर लिहा, भूकंप होणार नाही. खाली सही. शिक्का असला तर शिक्का."

मी त्यांना बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत.

हकिगत अशी होती. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्या बाजार भरतात. प्रत्येक मोठ्या गावाचा वार ठरलेला. पाड्यापाड्यांतून लोक ढोल घेऊन उतरतात. होळीला लागणारे फुटाणे, गूळ, साखरेचे हार घेतात आणि दिवसभर नाचतात. लिंबापाणीचा बाजार तेहतीस वर्षांपूर्वी बंद पडला होता आणि तेव्हापासून गाव चौदा किलोमीटर चालून दुसऱ्याच्या बाजारात पाहुणे म्हणून जात होते. यंदा सरिताताईंनी सगळ्या पाड्यांची बैठक घेऊन आपला वार परत मागून आणला होता. येत्या रविवारी बाजार होता. आणि काल तालुक्यावरून निरोप आला होता की भूकंपाचा इशारा आहे म्हणे. गर्दी जमवायची तर आधी जाणकाराचे लेखी मत आणा, नाहीतर बाजार पुढे ढकला.

"मग पुढे ढकला की," बाजूला उभी मयुरी हळूच म्हणाली.

सरिताताईंनी तिच्याकडे पाहिले. "होळी पुढे ढकलू का?"

मयुरी पुन्हा आपल्या पडद्याकडे वळली.

"यंदा बाजार नाही भरला तर तो वार गेला," सरिताताई म्हणाल्या. "तेहतीस वर्षांनी आला होता. दुकानवाले पुढच्या वर्षी येणार नाहीत. आमचा रुपसिंगआबा आहे, सत्तरच्या वर. तेव्हाचा ढोल त्याने छपराला टांगून ठेवला होता, त्याला नवं चामडं चढवलं आहे. आबाला मी काय सांगू? धुळ्याच्या मास्तरला जमीन गरम लागली म्हणून?"

"ताई, मी इशारा दिलेला नाही."

"मग लिहा ना. होणार नाही."

"ते कोणीच लिहू शकत नाही."

"बरं, मग होणार म्हणून लिहा."

"तेही कोणी लिहू शकत नाही."

"मग तुम्ही इथं शिकवता तरी काय?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला इतक्या नेमकेपणाने कोणी विचारला नव्हता. मी थोडा विचार केला. "तुमची जमीन का तापली, हे कदाचित शोधता येईल," मी म्हणालो. "कारण वरचे निघाले तर तेवढे मी लिहीन, सही करीन आणि शिक्काही देईन."

"आणि खालचं निघालं तर?"

"तर मला सापडले नाही, असे लिहीन."

त्यांनी कोरा कागद परत घडी घालून पिशवीत ठेवला. पेन मात्र माझ्यापुढेच राहू दिले. "उद्या या," त्या म्हणाल्या. "कागद माझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. सामान एवढेच: मयुरीचा लॅपटॉप, एक मोजपट्टी, आणि करोनाच्या काळात महाविद्यालयाच्या फाटकावर सगळ्यांच्या कपाळावर रोखली जात असे ती तापमान मोजायची बंदूक. तिच्या जातीचेच, जमिनीसाठीचे, जरा बरे यंत्र प्रयोगशाळेत होते, तेही घेतले; दोन्हींचे आकडे ताडून पाहता येतात. उपग्रह त्या भागावरून सकाळी पावणेअकराच्या सुमारास जातो. त्याने जे पाहिले ते त्याच वेळी पाहायचे, असा माझा आग्रह होता. मयुरीने वाटेत दोनदा विचारले, "सर, खरंच खालचं कारण निघालं तर?" दुसऱ्यांदा मी उत्तर दिले की तसे झाल्यास तिचे नाव आधी आणि माझे नंतर छापले जाईल. मग यावल येईपर्यंत ती लॅपटॉपवर तोच लाल पट्टा पाहत राहिली.

यावलहून पुढे केळीचे हिरवे मळे संपतात, रस्ता किंचित चढतो आणि जमीन एकदम कोरडी होते. फाट्यावर सरिताताई उभ्या होत्या. त्यांच्याबरोबर डोक्याला पांढरे फडके गुंडाळलेले, काटक, उंच असे रुपसिंगआबा होते. आबांनी मला आपादमस्तक न्याहाळले.

"हाऊच का तो नासावाला?"

"आबा, मी धुळ्याचा."

"मंग बराबर शे," आबा म्हणाले. "नासावाला एसटीनं नई येवाव."

आम्ही शेतांच्या बांधांवरून डोंगराच्या दिशेने निघालो. मयुरी मोबाइलवर जागा पाहत पुढे चालली होती. "सर, आणखी ऐंशी मीटर. साठ. आता पट्टा सुरू होतो."

पट्टा सुरू झाला तिथे महूची झाडे होती. महू म्हणजे मोह. पायथ्याला त्याला महू म्हणतात. पानगळ होऊन गेलेली, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे तपकिरी झुबके. जंगल संपून शेती जिथे सुरू होते त्या सीमेवर, बांधाबांधाने, पार दिसेनाशी होईपर्यंत महूच महू. सरळ रेघेचा उलगडा तिथेच झाला: ही रेघ कोणाच्या तरी खापरपणज्यांनी आखलेली होती. पण झाडे आठ दिवसांत उगवत नाहीत. झाडांमुळे जमीन तापत असती तर ती दरवर्षी तापली असती.

मी बांधावरून खाली उतरलो आणि माझी पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली.

झाडाखाली, बुंध्याभोवती, बारा पावलांचा काळा गोल होता. वाटीच्या बुडासारखा स्वच्छ. पान नाही, काडी नाही, फक्त काळी राख बसलेली जमीन. पुढच्या झाडाखाली तसाच गोल. त्याच्या पुढच्या झाडाखालीही. उंचावरून उपग्रहाने हे सगळे पाहिले असणार. मात्र बारा पावलांचा गोल त्याच्या एका ठिपक्यात मावून वर जागा उरते. त्याला वेगळे गोल दिसले नाहीत, एक तापलेला पट्टा दिसला.

"ही आग कधी लागली?" मी विचारले.

"कोनती आग?" रुपसिंगआबा म्हणाले.

"ही."

आबांनी खाली पाहिले. मग वर पाहिले. मग सरिताताईंकडे पाहिले, एखाद्या पाहुण्याने घरातली चूल दाखवून 'हे काय' असे विचारल्यावर यजमान पाहतो तसे.

"हाई आग नई शे, मास्तर. हाई झाडेल शे."

"काय?"

"महू झाडेल शे. महू पडी तव्हय पाचोळामा कसा सापडी? झाडनं पडस."

सरिताताई आता हसू लागल्या होत्या. "सर, फुलं पहाटे गळतात. बायका ती वेचतात. खाली पाला असला तर फूल दिसत नाही, हाताला काटा लागतो, विंचू असतो. म्हणून कळ्या आल्या की झाडाखालचा पाला गोळा करून जाळतात. प्रत्येक घर आपापल्या झाडाचं करतं. भोवती हात-दोन हात जमीन आधी खरवडून घेतात, आग बाहेर जात नाही. पंधरा मिनिटांचं काम. त्याला आम्ही महू झाडणं म्हणतो."

"पण तुम्ही तर फोनवर सांगितले, आग लागलेली नाही."

"लागली कुठं? लागते ती चुकून. तुमच्या पोरीनं विचारलं, आग लागल्याची घटना घडली आहे काय. मी म्हटलं नाही. घटना पण नाही आणि लागली पण नाही."

"मग 'आग लावली आहे काय' असे विचारले असते तर?"

हे ऐकून आबांना राहवले नाही. "आग लावनारा त्या वरला पाड्याना चंदन शे. दोन भाऊसमा लाई दिनी आनि सोता बाजारले निंघी गया. आम्ही कसाले लावसूत?"

माझ्या प्रपत्रात अकरा प्रश्न होते. त्यातल्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर या गावात कोणत्याही शब्दांत 'नाही' असेच आले असते; अपवाद फक्त एका शब्दाचा होता आणि तो मला ठाऊक नव्हता. पाठीवरची कारणे संपली होती ती माझ्या मराठीत. लिंबापाणीत ती चांगली शिल्लक होती.

"सर," मयुरी म्हणाली, "पण महू तर दरवर्षी झाडत असतील. मग बाकीच्या वर्षांत पट्टा का नाही?"

मला तिचा अभिमान वाटला. तिचे स्वतःचे सुंदर कारण नुकतेच राखेत गेले होते आणि तरीही ती पुढचा योग्य प्रश्न विचारत होती. मी सरिताताईंकडे वळलो. "दरवर्षी असेच झाडता?"

"दरवर्षी ज्याला जमेल तसं. कोणी आत्ता, कोणी होळीनंतर, कोणाचं महिनाभर चालतं." त्या थांबल्या. मग एकेक शब्द करत म्हणाल्या, "यंदा मीच सांगितलं. बाजार आपला आहे, पाहुणे येणार, मागे काम नको. चारही पाड्यांनी एकाच आठवड्यात महू झाडून घ्या."

 मयुरी बांधावरच बसली आणि पोट धरून हसू लागली. ज्या तापलेल्या जमिनीमुळे बाजार बंद पडणार होता, ती जमीन बाजारानेच तापवली होती.

"आता हे सिद्ध करायला हवे," मी म्हणालो.

"आजून?" आबा म्हणाले.

दहा चाळीसला आम्ही मोजायला सुरुवात केली. मोजपट्टीचे एक टोक आबांनी धरले. काळ्या गोलावर तीन ठिकाणी, बाहेरच्या पाचोळ्यावर तीन ठिकाणी, असे वीस झाडांखाली. आबांना लवकरच त्यात रस आला. मी यंत्र रोखण्यापूर्वी ते पायाने जमीन चाचपून आकडा सांगू लागले. पहिल्या सात झाडांत ते अंशाने-दोन अंशाने चुकले. त्यानंतर चुकायचे थांबले. त्यांचा पाय मी उपकरणांच्या यादीत घेतलेला नाही, पण घ्यायला हरकत नव्हती. कपाळावर रोखायची बंदूक मात्र जमिनीकडे वळवली की तिच्या काचेवर काहीच उमटेना. एवढ्या तापाचा माणूस तिच्या हिशेबात बसत नव्हता.

काळी जमीन पाचोळ्यापेक्षा सरासरी नऊ पूर्णांक चार अंशांनी अधिक तापलेली होती. आता झाडांची संख्या हवी होती.

"चार पाडे, एकशे चाळीस घरं," सरिताताई म्हणाल्या. "घरामागे वीस झाडं धरा. कोणाची जास्त, कोणाची कमी. महूवरून आमच्यात भांडण होत नाही, कारण प्रत्येकाला आपलं झाड ठाऊक असतं."

अठ्ठावीसशे झाडे. प्रत्येकाखाली सुमारे शंभर चौरस मीटरचा गोल. म्हणजे अठ्ठावीस हेक्टर काळी जमीन. पट्टा पाच किलोमीटर गुणिले दोनशे मीटर, म्हणजे शंभर हेक्टर. अठ्ठावीस टक्के. नऊ पूर्णांक चारचे अठ्ठावीस टक्के किती, हे मयुरीने मोबाइलवर काढले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. 

दोन पूर्णांक सहा तीन.

उपग्रहाने दोन पूर्णांक सहा सांगितले होते. गणित इतके जुळले की प्रथम माझा संशय बळावतो. मी तो बेरीज-गुणाकार कागदावर पुन्हा केला, घरामागे झाडे सोळा आणि चोवीस धरून पाहिली, गोल लहान-मोठा करून पाहिला. उत्तर दोन आणि सव्वातीन यांच्या दरम्यान कुठेतरी राहत होते. तेवढे पुरे होते. मी बांधावर बसलो. समोर सातपुडा होता, कळ्यांना किंचित आंबट-गोड वास होता, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एका इशाऱ्याचे कारण माझ्या पँटीला लागलेले होते. मी हसत होतो, असे मयुरी नंतर म्हणाली. माझ्याकडे त्याची नोंद नाही.

सरिताताईंनी पिशवीतून तो कोरा कागद काढला. पेन माझ्याच खिशात होते.

मी लिहिले: 'लिंबापाणी परिसरातील जमिनीच्या पृष्ठतापमानात उपग्रहाद्वारे आढळलेली वाढ ही स्थानिक रहिवाशांनी महूच्या झाडांखालील पालापाचोळा एकाच कालावधीत जाळल्यामुळे झाली आहे, असे प्रत्यक्ष मोजणीअंती आढळले. सदर वाढीचा भूगर्भातील हालचालींशी संबंध असल्याचा कोणताही पुरावा नाही. या भागात भूकंप होण्याची शक्यता जितकी गेल्या वर्षी होती तितकीच आज आहे. ती शून्य नाही. कोणत्याही ठिकाणी ती शून्य नसते. केव्हा होईल हे आजच्या ज्ञानानुसार सांगता येत नाही.' खाली सही केली. शिक्का मी धुळ्याहून खिशात घालून आणला होता.

सरिताताईंनी कागद दोनदा वाचला. "शेवटची ओळ काढा."

"ती काढता येणार नाही."

"तालुक्याचे लोक तेवढीच ओळ वाचतील."

"मग आपण दोघे जाऊ. मी त्यांना उरलेल्या ओळी वाचून दाखवतो."

तालुक्याच्या कचेरीत माझा कागद कपाळाला आठ्या घालून वाचला गेला. "म्हणजे नक्की काय, सर?" असे तीनदा विचारले गेले. तिसऱ्या वेळी मी माझा काळा झालेला पाय टेबलाच्या बाजूला घेऊन दाखवला. त्या एका पुराव्यापुढे कागदाची गरज उरली नाही. बाजाराला हरकत नाही, असे तिथेच लिहून मिळाले. बाहेर आल्यावर सरिताताईंनी ते पत्र घडी न घालता, सपाट, दोन्ही हातांत धरून फाट्यापर्यंत नेले.

रविवारी मी पुन्हा गेलो. जाण्याचे शास्त्रीय कारण नव्हते.

बाजार रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरला होता. फुटाण्यांचे ढीग, गुळाची जिलेबी, साखरेचे गुलाबी हार, पाळणे, आरसे. एकेका पाड्याची माणसे एकाच रंगाचे कपडे घालून येत होती आणि प्रत्येक टोळीच्या पुढे ढोल होता. तोतारामभाऊ आणि बेबाबाईही आले होते. तोतारामभाऊंचे नाक अजून लाल होते. "मास्तर, आज खाट घरात," त्यांनी मला दुरूनच ओरडून सांगितले. बेबाबाईंनी माझ्या हातावर जिलेबी ठेवली आणि पदराआडून म्हणाल्या, "मी कोनाले काही बोलली नव्हती बरं. फक्त बहिनीले बोलली." मी म्हणालो, कुटुंबात ही परंपरा दिसते. मयुरीने आम्हा दोघांकडे पाहायचे टाळले.

रुपसिंगआबांचा ढोल माझ्या छातीएवढ्या उंचीचा होता. तो अजून वाजला नव्हता. चारही पाडे फाट्यावर जमेपर्यंत तो वाजवायचा नाही, असे ठरले होते. लोक जमले. मात्र मागच्या बाजूला कुजबुज होती. तो संदेश सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलेला होता, आणि कित्येकांचे डोळे जमिनीकडे होते. सरिताताई एका बैलगाडीवर चढल्या, माझा कागद उंच धरला, आणि मला वर बोलावले. मी वर चढून माझे मत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवले. कोणी हलले नाही. मग सरिताताईंनी ते सगळ्यांना कळेल अशा बोलीत सांगितले.

"मास्तर सांगस, महू झाडा म्हनीसन भुई तपनी. बठ्ठं बेस शे. वाजाडा!"

गर्दी एकदम हसली. मी गाडीवरूनच हाक मारली, "ताई, शेवटची ओळ राहिली. केव्हा होईल ते सांगता येत नाही, हेही सांगायला हवे."

उत्तर खालून, ढोलाच्या मागून आले. रुपसिंगआबांनी टिपरू हातात घेतले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "सकाय काय व्हई ते कोनलेच माहीत नई, हाई आमले पह्यलेपासून ठाऊक शे. त्याले कागद कसाले?"

आणि त्यांनी ढोलावर पहिली थाप मारली. तेहतीस वर्षे छपराला टांगलेला आवाज माझ्या पायांखालच्या गाडीच्या फळ्यांतून वर आला, मागोमाग चारही पाड्यांचे ढोल सुरू झाले, आणि जमीन हलली. तीव्रता मोजायला माझ्याजवळ यंत्र नव्हते. उगमस्थान निर्विवाद होते.

मयुरीने त्याच आठवड्यात बेचाळिसाव्या नोंदीपुढे कारण लिहिले. कारणांच्या यादीत तो शब्द नव्हता, म्हणून तिने नवा घातला. प्रपत्रातला चौथा प्रश्न आता असा आहे: 'महू झाडला का?'